कुंपणानंच शेत खाल्लं: झटका मशीनच्या एका बॅटरीचं प्रकरण

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी मामांचा फोन. "बैलाइले आवतन देऊन झालं, आता तुले देतो. उद्या जेवाले ये अन् येतानी तुझा तो मीटर घेऊन ये, बॅटरी गेली." मी विचारलं कोणती बॅटरी, तर म्हणे "कोणती म्हंजे? तूच बसवलेली." मार्चमधे बसवलेली बॅटरी पोळ्याला गेली, म्हणजे सहा महिने पण नाही झाले, आणि ही तिसरी होती.

मामा सख्खे नाहीत, गावनात्यानं. वावर यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वरचं जंगल फार लांब नाही, त्यामुळे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर हा रोजचाच विषय. पाच एकर, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर, एका कडेला सोयाबीन, कोठ्याजवळ (गोठ्याजवळ) थोडा मका. धुऱ्यावरून (बांधावरून) तार फिरवलेली आणि त्यावर सोलरची झटका मशीन. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक कपॅसिटर चार्ज करते आणि साधारण सेकंदाला एकदा ट्रान्सफॉर्मरमधून तारेवर सोडते, काही हजार व्होल्टचा पण अगदी क्षणभराचा ठोका. जनावर दचकून मागं जाते, मरत नाही. या मशीनचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे (आयईसी ६०३३५-२-७६), त्यात दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर आणि ५०० ओहमच्या लोडवर जास्तीत जास्त ५ ज्यूल अशी मर्यादा आहे. आमच्याकडं काही लोक पोलवरची लाईन थेट तारेत सोडतात, त्यात वाघही मेले आणि माणसंही मेली. तो गुन्हाच आहे, त्याचा आणि याचा काही संबंध नाही, पण गावात दोन्हीला "करंटची तार"च म्हणतात म्हणून लिहिलं.

सामान असं होतं: २० वॅटचं पॅनल, एक छोटा चार्ज कंट्रोलर, २६ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, मशीन, आणि हे सगळं पत्र्याच्या पेटीत लोखंडी अँगलवर उभं. पहिली बॅटरी मशीनसोबत आली, अकरा महिन्यांत गेली. दुसरी नऊ महिन्यांत. तेव्हा मी पाहिलं की मशीनला लो-बॅटरी कट-ऑफच नाही, बॅटरी पार मरेपर्यंत ती ठोके देत राहते. लेड-ॲसिडला रिकामं राहणं सोसत नाही, प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक जमतात आणि तशीच ठेवली तर ते कडक होऊन बसतात, मग चार्जिंगला परत विरघळत नाहीत. म्हणून तिसऱ्या बॅटरीसोबत मी माझ्या हातानं एक कट-ऑफ सर्किट बनवून दिलं होतं. एलएम३५८ आयसी, ५.१ व्होल्टचा झेनर (ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), एक रिले (कॉईलनं ओढला जाणारा स्विच), हिरवा एलईडी चालू, लाल एलईडी बंद. ११ व्होल्टला तोडायचं. माझ्या दुकानात चार जणांना दाखवलं पण होतं, इतकं खूश होतो. आणि या सर्किटवाली बॅटरीच सगळ्यात लवकर गेली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल धुणं चालू होतं तेव्हाच मी वावरात गेलो. पेटी उघडली. बॅटरीवर मीटर लावला, ८.७ व्होल्ट. मशीन गप्प. आणि माझ्या सर्किटवर नजर गेली तर रिलेच्या दोन पायांवर बाहेरून एक तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून बसवलेला, वरून इन्सुलेशन टेप. म्हणजे कट-ऑफ बायपास. माझं डोकं फिरलं. घरी येऊन मामांना म्हटलं, तुम्हीच बॅटरी मारली, हा तार कशाला लावला. मामा शिंगाला रंग लावत होते, मान पण वर न करता म्हणाले, "मंग कराव काय? तुह्या डब्यात रातभर टकटक टकटक. मले वाटलं पाल शिरली. पाहतो तं मशीन बंद-चालू, बंद-चालू. इकडं डुकरं सोयाबीनात घुसून राह्यले. मंग म्या लावला तार."

माझा राग तिथंच उतरला, कारण ती टकटक माझी चूक होती आणि मला ती ऐकूनच कळली. लोड असताना बॅटरीचा व्होल्टेज थोडा खाली बसतो, लोड काढला की परत वर येतो. ११.० ला रिलेनं मशीन तोडली, बॅटरी ११.१५ वर आली, सर्किटला वाटलं झाली चार्ज, परत जोडली, परत ११.० च्या खाली, परत तोडली. असं रात्रभर. तोडायचा आणि जोडायचा आकडा यात चांगलं अंतर ठेवावं लागतं, त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. मी त्यासाठी रेझिस्टर लावला होता पण आकडेमोड न करता, डब्यात जो सापडला तो. अंतर निघालं फक्त दहावा हिस्सा व्होल्ट. रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले, तारेचा तुकडा नसता तरी आठवडाभरात चिकटले असते.

आता इथंच प्रकरण संपवता आलं असतं, की टकटक झाली, मामांनी तार लावला, मशीननं बॅटरी चोखून रिकामी केली. पण ऑगस्टातली ती नऊ दिवसांची झडी सोडली तर आधी ऊन चांगलं होतं, मग बॅटरी जुलैच्या शेवटी, टकटक झाली तेव्हा, ११ वर पोचलीच कशी, हे काही बसत नव्हतं. टकटक झाली म्हणजे बॅटरी आधीच रिकामी होती. म्हणून पुरणपोळी खाऊन सगळं उचकटून दुकानात आणलं.

पहिलं काम बॅटरीचं. पॉवर सप्लायवर १४.४ व्होल्ट आणि २.६ अँपची मर्यादा लावून चार्जिंगला ठेवली. चाळीस मिनिटांत व्होल्टेज १४.४ ला टेकला आणि करंट पडला. २६ एएचची रिकामी बॅटरी इतक्या लवकर भरतच नाही, पोटात जागाच उरली नव्हती. रात्रभर ठेवली, सकाळी सप्लायवरून सोडवली, दोन तासांनी १२.७. नुसता मीटर लावणारा म्हणेल फुल्ल चार्ज आहे! मग ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, म्हणजे पावणेदोन अँप. लावताच ११.२, सहा मिनिटांत १०. चांगली असती तर हा बल्ब हिनं दहा-बारा तास आरामात ओढला असता. लोड न लावता बॅटरीचा व्होल्टेज पाहणं म्हणजे माणसाचं नुसतं तोंड पाहून तब्येत सांगणं आहे, माझ्या दुकानात येणारे निम्मे इन्व्हर्टरवाले तेच करून येतात.

दुसरं काम, मशीन किती खाते. इथं साधा मीटर सिरीजमधे लावून काही कळत नाही, कारण मशीन दर ठोक्याला करंट एकदम ओढते आणि सोडते, मीटरवर आकडे नाचत राहतात, ४०, ३१०, ९०, काहीही. मी काय केलं, ०.१ ओहमचा ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर बॅटरीच्या वायरमधे टाकला, त्याच्या दोन टोकांवरून १० के (किलोओहम) आणि ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर, आणि कपॅसिटरवर मीटर मिलीव्होल्टमधे. फिल्टरचा वेळ पावणेपाच सेकंदांचा होतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटात आकडा शांत होतो. १७.५ मिलीव्होल्ट स्थिरावले, म्हणजे सरासरी १७५ मिलीअँप. तशी ही भूक जास्त नाही.

मग सहज, खरंच सहज म्हणून, मशीन काढून नुसतं माझं सर्किट मोजलं. ४९ मिलीअँप. मला वाटलं मोजण्यात चूक झाली, परत मोजलं, तेवढंच. मग कागदावर बसलो. १२ व्होल्टचा साधा साखरेच्या खड्यासारखा रिले, कॉईल ४०० ओहम, साडेबारा व्होल्टला ३१ मिलीअँप, आणि मी तो असा जोडला होता की बॅटरी चांगली असताना तो ओढलेला राहील, म्हणजे कायम. हिरवा एलईडी १ के मधून, १० मिलीअँप. झेनरला १ के मधून साडेसात. बाकी आयसीचं एखादं. झाले ४९.

आता हे दिवसाचं करा. ४९ मिलीअँप गुणिले २४ म्हणजे १.१८ एएच. मशीन मामा दिवसा बंद करायची विसरतात म्हणून तीही चोवीस तास, ४.२ एएच. बेरीज ५.४. पॅनल २० वॅटचं, चांगल्या उन्हात १.१ अँप, दिवसाला पूर्ण उन्हाचे पाच तास धरले तर ५.५ एएच. शिवाय बॅटरीत टाकलेलं सगळंच परत मिळत नाही, काही चार्जिंगमधेच जातं. म्हणजे खडखडीत उन्हातसुद्धा हा हिशोब तुटीत होता आणि पावसाळी ढग आले की रोज थोडी थोडी बॅटरी उतरत होती. बॅटरी राखायला ठेवलेला माझा राखणदार एकटा दिवसाच्या आमदनीतला पाचवा हिस्सा खात होता. डुकरासाठी लावलेल्या कुंपणाच्याच बाबतीत ही म्हण अशी शब्दशः खरी होईल हे मला वाटलं नव्हतं.

आणि अजून वाईट पुढं आहे. समजा मामांनी तार लावला नसता, रिलेनं मशीन नीट तोडली असती, तरी लाल एलईडी, झेनर आणि आयसी मिळून १८ मिलीअँप चालूच राहिले असते. दिवसाला ०.४३ एएच, आणि ते पण आधीच रिकाम्या झालेल्या बॅटरीतून. नऊ दिवसांच्या झडीत जवळपास ४ एएच. म्हणजे तार नसता तरी बॅटरी मेलीच असती, फक्त सावकाश. मी मामांना उगाच बोललो.

११ व्होल्टचा आकडा पण चुकीचा होता. बॅटरीवर १०.५ हा शेवटचा आकडा लिहितात, सेलला १.७५ प्रमाणे, तो बऱ्यापैकी लोड चालू असतानाचा असतो. २६ एएचच्या बॅटरीतून १७५ मिलीअँप म्हणजे नखाएवढा लोड, त्यात व्होल्टेज जवळपास आरामात बसलेल्या बॅटरीइतकाच दिसतो. आरामातली बॅटरी १२.७ ला भरलेली, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव, आणि ११.८ च्या खाली सांगण्यासारखं काही उरत नाही. मोठ्या इन्व्हर्टरसाठी १०.५ ठीक आहे, झटका मशीनला तोच आकडा लावणं म्हणजे विहिरीत गाळ लागेपर्यंत मोटर चालवणं.

त्यात भर म्हणून माझा मीटर. नवीन सर्किटसाठी टीएल४३१ काढला, हा २.४९५ व्होल्टचा रेफरन्स, ब्रेडबोर्डवर लावला तर मीटर दाखवतो २.६१. दुसरा टीएल४३१ लावला, तोही २.६१. दोन्ही आयसी एकसारखे खोटे कसे बोलतील? मीटर उघडला, आतली ९ व्होल्टची बॅटरी सात व्होल्टवर. डिजिटल मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो वाढवून आकडे सांगतो, हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना सांगत पण होतो. साडेचार टक्के जास्त. म्हणजे मार्चमधे मी ज्याला ११.० म्हणून प्रीसेट (आकडा जुळवायचा फिरता रेझिस्टर) फिरवला तो तेव्हा पण असाच असेल तर खरा आकडा साडेदहाच होता. तेव्हापासून दुकानात एक टीएल४३१ छोट्या पीसीबीवर कायम जोडून ठेवला आहे, महिन्यातून एकदा मीटर त्याच्यावर तपासायचा. वीस रुपयांत होतं.

नवीन सर्किट. रिले गेला, झेनर गेला, कायम जळणारे एलईडी गेले. एलएम३९३ कम्पॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून कोणता जास्त ते सांगणारी आयसी), टीएल४३१ ला ६.८ के मधून १.४ मिलीअँप (याला किमान १ लागतोच, त्याच्या खाली कंजुषी केली तर रेफरन्स हलतो). बॅटरीचा व्होल्टेज वाटायला वर साधारण १०० के, खाली २२ के आणि ५ के चा प्रीसेट, आणि आउटपुटवरून प्लस इनपुटला १.२ मेगाचा फीडबॅक. या वेळी गणित करून: ११.८ ला तोडतं, १२.८ ला जोडतं. पूर्ण एक व्होल्टचं अंतर, त्यामुळे नुसता लोड काढल्यानं बॅटरी कधीच १२.८ ला पोचत नाही, ऊन आल्याशिवाय मशीन परत सुरू होणं शक्यच नाही. वरचा १०० के मी ५१ आणि ४७ असा तोडून मधे २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, म्हणजे मशीनच्या ठोक्यामुळे व्होल्टेजला बसणारा हिसका कम्पॅरेटरला दिसत नाही. हा कपॅसिटर थेट कम्पॅरेटरच्या पायावर देऊ नका, फीडबॅक सुस्त होतो आणि ऐन सीमेवर आउटपुट थरथरतो.

स्विच म्हणून आधी आयआरएफझेड४४ मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मायनस बाजूला लावला होता, सोपं पडतं म्हणून. टेबलावर झकास. वावरात लावलं आणि पावसानंतर मामा म्हणतात मशीन बंद केली तरी "हळूहळू कण्हते". पाहिलं तर मशीनचा अर्थिंगचा टर्मिनल आतून मायनसलाच जोडलेला, अर्थिंगचा रॉड जमिनीत, आणि इकडं पेटीच्या पत्र्याला बॅटरीचा मायनस टेकलेला, पेटी अँगलवर, अँगल जमिनीत. मी मॉस्फेटनं तोडलेला मायनस ओल्या मातीतून परत जुळत होता! काळ्या मातीच्या वावरात पावसाळ्यात हे होणारच. मग प्लस बाजूला तोडायला पी-चॅनल मॉस्फेट आयआरएफ९५४०, त्याचं गेट (चालू-बंद करणारा पाय) ओढायला छोटा मॉस्फेट २एन७०००. इथं बीसी५४७ ट्रान्झिस्टर पण चालला असता, पण तो बेसला करंट मागतो आणि तेवढ्यानं फीडबॅकचं गणित बिघडतं. ९५४० च्या गेट-सोर्सवर १५ व्होल्टचा झेनर, स्पाईकसाठी, तो एरवी काही खात नाही.

सगळं मिळून मोजलं, २.४ मिलीअँप. ४९ वरून २.४. दिवसाला ०.०६ एएच सुद्धा नाही.

मामांना आकडा दिसावा म्हणून छोटा डिजिटल व्होल्टमीटर दिला, पण तो एकटाच १५-२० मिलीअँप खातो, म्हणून पुश बटणामागं. दाबलं तरच पेटेल. मामांना सांगितलं, रोज सकाळी ऊन निघायच्या आधी दाबायचा, कारण दिवसा पॅनल चालू असताना तो १३ च्या वरच दाखवणार, मेलेली बॅटरी पण दाखवते. त्यांनी कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायला सुरुवात केली. तारीख नाही, तिथी. "नवमी १२.५."

गणपती उठले आणि परतीचा पाऊस आला, सहा दिवस सलग. भिंतीवर १२.४, १२.२, १२.१, मग १२.०. सहाव्या रात्री तीन वाजता सर्किटनं बरोबर ११.८ ला मशीन तोडली. एकदम बरोबर, ठरवलं तसंच. आणि डुकरांनी मक्याचे सहा तास (ओळी) आडवे केले. सकाळी फोन, "बॅटरी वाचली भासेबुवा, मका गेला. बॅटरी शिजवून खाऊ काय आता?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी बॅटरी वाचवायचं सर्किट बनवलं होतं, मामांना मका वाचवायचा होता, बॅटरी त्यांच्यासाठी अडीच-तीन हजारांची वस्तू आणि पीक म्हणजे वर्ष. कट-ऑफ हा शेवटचा उपाय आहे, तो रोज लागायला नको, म्हणजे खर्चच कमी करायला पाहिजे.

खर्च एकच मोठा, मशीन चोवीस तास चालते. दिवसा वावरात माणसं असतात, कुत्रं असते, गरज नाही, पण मामा बटण बंद करणार नाहीत आणि केलं तर संध्याकाळी चालू करायचं विसरतील. ३९३ मधे दोन कम्पॅरेटर असतात, दुसरा रिकामाच होता. पॅनल स्वतःच उजेडाचा सेन्सर आहे: ब्लॉकिंग डायोडच्या पॅनलकडच्या बाजूनं व्होल्टेज घेतला, ६ च्या वर म्हणजे दिवस, खाली म्हणजे रात्र. (कंट्रोलर सिरीजमधे तोडणारा असेल तरच. काही कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनल शॉर्ट करतात, तिथं भर दुपारी रात्र होईल.) ३९३ चे आउटपुट ओपन कलेक्टर असतात, म्हणजे ते फक्त खाली ओढतात, वर ढकलत नाहीत, दोन्ही थेट जोडले की दोघांपैकी कोणीही खाली ओढू शकतो, म्हणून मी सरळ जोडून दिले आणि घरी आलो.

संध्याकाळी मशीन सुरूच झाली नाही.

हे मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नाही, आणि कळलं तेव्हा स्वतःचाच राग आला. दिवसा दुसरा कम्पॅरेटर आउटपुट खाली धरून ठेवतो, पण पहिल्याचा फीडबॅक पण त्याच जागेवरून जातो. म्हणजे पहिल्याला वाटते मी तोडलेलं आहे, आता १२.८ आल्याशिवाय जोडायचं नाही. ढगाळ दिवसानंतर संध्याकाळी बॅटरी १२.४, तब्येत चांगली, पण १२.८ नाही, मग मशीन बंदच. रोज सकाळी हिस्टेरेसिसची आठवण पुसली जात होती. उपाय दोन रुपयांचा निघाला: दुसऱ्या कम्पॅरेटरला वेगळा २एन७०००, पहिल्याच्या खाली सिरीजमधे. दोन्ही हो म्हणतील तरच गेट ओढलं जाईल, आणि एकाचा निर्णय दुसऱ्याच्या कानावर जात नाही.

आता रात्रीचे बारा तास १७५ मिलीअँप, २.१ एएच, सर्किटसकट २.२ च्या आत. पूर्वी ५.४ होते. २६ पैकी १८ एएच वापरायचे धरले तर उन्हाचा एक किरण नसताना आठ रात्री निघतात, आणि झडीत पण पॅनल अगदीच शून्य देत नाही.

उन्हाळ्याचं राहिलं. मेमधे पेटीत एलएम३५ टांगून मीटर लावला, ५४० मिलीव्होल्ट. हा सेन्सर डिग्रीला १० मिलीव्होल्ट देतो, म्हणजे पेटीच्या आत ५४ डिग्री. बाहेर ४५ होते. १४.४ हा चार्जिंगचा आकडा २५ डिग्रीचा आहे, त्यावर प्रत्येक डिग्रीला १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण ३० मिलीव्होल्ट कमी करायचे असतात. ५४ ला हिशोब १३.५ चा येतो, आणि आमचा कंट्रोलर मे महिन्यात पण १४.४ च देत होता, सीलबंद बॅटरीतलं पाणी असंच उडते आणि ते परत भरता येत नाही. सर्किटनं दुरुस्ती करायच्या आधी मी मामांना म्हटलं, पेटी सावलीत घ्या. त्यांनी एका दिवसात तुराट्यांचा कूड उभा केला, शेणमातीनं लिंपला, पेटीला वरून चुना. ५४ चे ४३ झाले, एक पैसा न लावता. ४३ ला हिशोब १३.८६. कंट्रोलरच्या डिव्हायडरमधे (व्होल्टेज वाटणाऱ्या रेझिस्टरांत) एक स्विच देऊन दोन आकडे केले, १३.८ आणि १४.४, वर मार्करनं "उन्हाळा" आणि "हिवाळा" लिहिलं. थर्मिस्टर लावून आपोआप पण करता येतं, पण वर्षातून दोनदा बटण टाकायला माणूस आहे तिथं अजून एक बिघडणारी वस्तू कशाला. होळीला उन्हाळा, दसऱ्याला हिवाळा, हे मामा विसरत नाहीत, कारण त्या दिवशी ते मशीनची पूजाच करतात.

चौथी बॅटरी आता वर्षाची होत आली. मागच्या आठवड्यात बल्ब लावून पाहिली, पावणेदोन अँपवर आठ तासांनी १२.० च्या वर. यंदाच्या झडीत सगळ्यात खालचा आकडा १२.१ होता, असं मामा सांगतात. सांगतात म्हणतो, कारण पोळ्यासाठी कोठ्याला चुना मारला त्यात वर्षभराचे सगळे आकडे गेले. माझ्या मोबाईलमधे भिंतीचे फोटो आहेत पण एप्रिलपर्यंतचेच. मी हळहळलो तर मामा म्हणाले, "त्यात का होतं? रोज साडेबारा, रोज साडेबारा." नवीन चुन्यावर एकच ओळ आहे, परवाची. "पाडवा १२.६."